स्टेरॉइड, अस्थिसंधान आणि वृद्धिघटक : वऱ्हाडाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राने मानवजातीला जी औषधे दिली, त्यांमध्ये इन्सुलिन, प्रतिजैविके आणि स्टेरॉइड यांचे स्थान अग्रभागी आहे. यांपैकी स्टेरॉइड या औषधाचा इतिहास काहीसा वेगळा आहे. दमा, संधिवात, त्वचारोग, मूत्रपिंडाचे विकार, कुष्ठरोगातील प्रतिक्रिया आणि अलीकडे करोना अशा अनेक व्याधींमध्ये या औषधाने रुग्णांचे प्राण वाचविले किंवा त्यांच्या वेदना दूर केल्या. मात्र दीर्घकाळ घेतल्यास हेच औषध रुग्णाची हाडे ठिसूळ करते, मोडलेले हाड सांधण्याची क्रिया मंद करते आणि काही रुग्णांमध्ये खुब्याच्या सांध्यातील हाड रक्तपुरवठ्याअभावी मृतवत करते. औषधानेच निर्माण केलेल्या या दोषावर उपाय म्हणून गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी 'वृद्धिघटक' नावाच्या प्रथिनांचा आश्रय घेतला. शरीर स्वतःच जी प्रथिने अल्प प्रमाणात तयार करून पेशींना वाढीचा संदेश देते, तीच प्रयोगशाळेत तयार करून मोडलेल्या हाडाच्या जागी ठेवावयाची, अशी ही कल्पना होय.

या विषयाचा अभ्यास आजवर प्रामुख्याने अस्थिरोगतज्ज्ञ व जीवरसायनशास्त्रज्ञ यांनी केला आहे. इतिहासाच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र त्यातून एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. औषधाचा गुण जितक्या लवकर खेड्यापाड्यांत पोहोचतो, तितक्या लवकर त्याच्या मात्रेची शिस्त व नोंद पोहोचते काय? अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांना हा प्रश्न विशेषत्वाने लागू पडतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) स्टेरॉइडचा शोध व हाडांवरील त्याच्या दुष्परिणामांचे ज्ञान यांचा कालक्रम तपासणे.
२) स्टेरॉइडमुळे मंदावलेले अस्थिसंधान सुधारण्याच्या भारतीय व पाश्चात्त्य प्रयत्नांचा आढावा घेणे.
३) वऱ्हाडातील आरोग्यविषयक अनुभवाच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे.

कॉर्टिझोनचा शोध : आशेचा काळ

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिक या संस्थेत डॉ. फिलिप हेंच हे संधिवाताचे तज्ज्ञ कार्यरत होते. इ. स. १९२९ मध्ये त्यांच्या असे लक्षात आले की, संधिवाताच्या एका रुग्णास कावीळ झाल्यानंतर त्याच्या सांध्यांची वेदना काही काळ थांबली. गर्भवती स्त्रियांमध्येही असाच अनुभव आला. यावरून शरीरातच संधिवात शमविणारे एखादे द्रव्य असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. त्याच संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळी केलेली द्रव्ये आणि स्वित्झर्लंडमधील टाडेउस राइखस्टाइन यांचे समांतर संशोधन यांमुळे हे अनुमान तपासता आले. सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीस हे द्रव्य टोचण्यात आले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. पुढे 'कॉर्टिझोन' या नावाने प्रसिद्ध झालेले औषध ते हेच. इ. स. १९५० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना विभागून देण्यात आले. शोध व सर्वोच्च सन्मान यांच्यामध्ये इतके अल्प अंतर असल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात थोडीच आढळतात.

आरंभी हे औषध अत्यंत दुर्मीळ होते, कारण ते जनावरांच्या पित्तातील आम्लापासून अनेक रासायनिक पायऱ्यांनी तयार करावे लागे. पुढे मेक्सिकोतील एका रानटी कंदापासून मिळणारे द्रव्य आणि इ. स. १९५२ मध्ये सापडलेली बुरशीच्या साहाय्याने रूपांतर करण्याची पद्धती यांमुळे उत्पादन सुलभ झाले व किंमत झपाट्याने उतरली. इ. स. १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोलोन आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत डेक्सामेथासोन ही अधिक प्रभावी औषधे बाजारात आली. स्वस्त, गोळीच्या रूपात घेता येणारे आणि एक-दोन दिवसांत गुण दाखविणारे औषध म्हणून स्टेरॉइडचा प्रसार जगभर झाला. हा प्रसार समजून घेताना एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. ज्या गुणामुळे हे औषध लोकप्रिय झाले, म्हणजे त्वरित आराम, त्याच गुणामुळे ते अनावश्यक दीर्घकाळ घेतले जाण्याचा धोकाही निर्माण झाला.

हाडांवरील परिणाम : धोक्याची जाणीव

स्टेरॉइडचा हाडांवर परिणाम होतो, हे ज्ञान औषधाच्याही आधीचे आहे. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी इ. स. १९३२ मध्ये ज्या व्याधीचे सविस्तर वर्णन केले, तिच्यात शरीरच अधिवृक्क ग्रंथीचे स्राव अतिरिक्त प्रमाणात निर्माण करते. अशा रुग्णांच्या धडावर चरबी साचते, त्वचा पातळ होते व मणक्यांची हाडे ठिसूळ होतात, हे त्यांनी नोंदविले होते. म्हणजेच कॉर्टिझोनच्या अतिरेकाचे चित्र निसर्गाने आधीच दाखवून ठेवले होते.

औषध उपलब्ध झाल्यानंतर प्रायोगिक पुरावाही लवकरच मिळाला. इ. स. १९५० मध्ये, म्हणजे नोबेल पारितोषिकाच्याच वर्षी, सशांवरील प्रयोगांत कॉर्टिझोन दिल्यास मोडलेले हाड सांधण्याची क्रिया मंदावते, असे प्रसिद्ध झाले. इ. स. १९५४ मध्ये दीर्घकाळ कॉर्टिझोन घेतलेल्या रुग्णांच्या मणक्यांचे अस्थिभंग अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले गेले, तर इ. स. १९५७ मध्ये इटलीतील संशोधकांनी स्टेरॉइडमुळे खुब्यातील हाड मृत झाल्याचे प्रथम निदर्शनास आणले. आज ज्यास डॉक्टर 'एव्हीएन' असे संक्षेपाने म्हणतात, तो विकार हाच. यावरून असे स्पष्ट होते की, स्टेरॉइडच्या वापराला दहा वर्षे पूर्ण होण्याच्या आतच त्याचे हाडांवरील तिन्ही प्रमुख दुष्परिणाम वैद्यकीय वाङ्मयात आलेले होते. धोका अज्ञात होता, असे म्हणता येत नाही.

या परिणामांची यंत्रणा समजण्यास मात्र अधिक काळ लागला. हाड ही निर्जीव वस्तू नसून तिच्यात सतत मोडतोड व बांधणी चालू असते. अस्थिभक्षक पेशी जुने हाड खातात आणि अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात. हाड मोडल्यावर प्रथम त्या जागी रक्त साकळते, नंतर दाह होतो, त्यातून नव्या रक्तवाहिन्या व कूर्चा तयार होते, कूर्चेचे हाडात रूपांतर होते आणि शेवटी अनेक महिन्यांत हाड पूर्ववत आकार घेते. स्टेरॉइड या साखळीत अनेक ठिकाणी अडथळा आणते. आरंभीचा दाह हा सांधण्याचा पहिला टप्पा असतो, पण दाह शमविणे हेच तर स्टेरॉइडचे कार्य होय. अस्थिमज्जेतील मूळ पेशी अस्थिजनक होण्याऐवजी चरबीच्या पेशी होऊ लागतात. इ. स. १९९८ मध्ये वाइनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेरॉइडमुळे हाड रचणाऱ्या पेशी अकाली मृत होतात, हे उंदरांत व रुग्णांच्या हाडांत दाखवून दिले. शिवाय आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्याचे प्रमाणही घटते.

धोक्याचे परिमाण इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाने स्पष्ट केले. तोंडाने स्टेरॉइड घेणाऱ्या २,४४,२३५ रुग्णांची तुलना तेवढ्याच इतर व्यक्तींशी करण्यात आली. स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका सुमारे १.६ पट, तर मणक्याच्या अस्थिभंगाचा २.६ पट आढळला. रोजची मात्रा ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा अधिक असल्यास मणक्याचा धोका पाच पटींहून अधिक होता. औषध बंद केल्यावर हा धोका कमी होऊ लागतो, हा या अभ्यासातील दिलासादायक भाग होय. मात्रा व कालावधी यांची नोंद का महत्त्वाची आहे, हे या आकड्यांवरून लक्षात येते.

वाराणसीचा प्रयोग : कांडवेल आणि कॉर्टिझोन

स्टेरॉइडने मंदावलेले अस्थिसंधान पुन्हा गतिमान करता येईल काय, या प्रश्नाचा विचार केवळ पाश्चात्त्य देशांत झाला, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील शल्यविशारद डॉ. के. एन. उडुपा यांनी साठच्या दशकाच्या आरंभी आयुर्वेदातील 'अस्थिसंहारक' या वनस्पतीचा अभ्यास हाती घेतला. आयुर्वेदाच्या स्थितीविषयी केंद्र शासनाने नेमलेल्या व 'उडुपा समिती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीचे अध्यक्ष ते हेच. हिंदीत 'हडजोड' व मराठीत 'कांडवेल' या नावाने ओळखली जाणारी ही चौधारी, सांधे असलेली वेल महाराष्ट्रातही सर्वत्र परिचित आहे. तिच्या कांड्यांचा आकारच सांधलेल्या हाडांसारखा दिसतो, आणि हाडवैद्य मोडलेल्या हाडावर तिचा लेप बांधीत आले आहेत.

इ. स. १९६३ मध्ये प्रसाद व उडुपा यांनी 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. कॉर्टिझोन दिलेल्या प्राण्यांतील अस्थिभंगावर कांडवेलीचा काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासले. कॉर्टिझोनमुळे होणारी अस्थिसंधानातील हानी या वनस्पतीमुळे काही अंशी भरून निघते, असा त्यांचा निष्कर्ष होता. इ. स. १९६५ मधील पुढील निबंधात त्यांनी या गुणाचे श्रेय वनस्पतीतील स्टेरॉइड वर्गाच्याच एका घटकास दिले. म्हणजे एका स्टेरॉइडने केलेली हानी दुसऱ्या, वनस्पतिजन्य स्टेरॉइडने भरून काढण्याचा हा प्रयत्न होता.

या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या प्रश्नात आहे. आधुनिक औषधाचा दुष्परिणाम मान्य करून, त्यावर देशी परंपरेतील उपाय आधुनिक पद्धतीने तपासण्याची भूमिका त्यात दिसून येते. प्राण्यांवरील प्रयोग आणि रुग्णालयातील दैनंदिन उपयोग यांच्यामध्ये मोठ्या व काटेकोर मानवी चाचण्यांचा जो टप्पा असतो, तो मात्र या वनस्पतीच्या बाबतीत तितक्या वेगाने गाठला गेला नाही. म्हणून कांडवेल हे सिद्ध औषध आहे, असे विधान आजही करता येणार नाही. तथापि मूळ प्रश्न भारतीय प्रयोगशाळेत फार लवकर विचारला गेला होता, याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात व्हावयास हवी.

वृद्धिघटकांचा शोध

याच काळात अमेरिकेत वेगळ्या दिशेने काम सुरू होते. लॉस एंजेलिस येथील अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी इ. स. १९६५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक विलक्षण निरीक्षण मांडले. हाडातील कॅल्शियम आम्लाने काढून टाकून उरलेला मऊ भाग प्राण्याच्या स्नायूमध्ये ठेवला असता, जेथे हाड असण्याचे काहीच कारण नाही अशा त्या ठिकाणी नवे हाड तयार झाले. यावरून हाडाच्या अंतर्भागात पेशींना 'हाड रचा' असा संदेश देणारे एखादे द्रव्य असले पाहिजे, असे अनुमान निघाले. इ. स. १९७१ मध्ये या द्रव्यास 'बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन' म्हणजे संक्षेपाने 'बीएमपी' हे नाव देण्यात आले.

ते द्रव्य हाडातून वेगळे करणे अवघड होते, कारण ते अत्यल्प प्रमाणात व इतर प्रथिनांशी घट्ट बांधलेले असते. या कार्यात भारतीय वंशाच्या दोन संशोधकांचा मोठा वाटा आहे. ए. हरी रेड्डी यांनी चार्ल्स हगिन्स यांच्यासमवेत इ. स. १९७२ मध्ये अशा प्रकारे हाड तयार होण्याचे जीवरासायनिक टप्पे क्रमवार मांडले आणि इ. स. १९८१ मध्ये टी. के. संपत व रेड्डी यांनी हाडातील हे घटक विरघळवून वेगळे करण्याची व पुन्हा एकत्र करून त्यांची क्रिया तपासण्याची पद्धती दिली. इ. स. १९८८ मध्ये वॉझनी व सहकाऱ्यांनी या प्रथिनांची जनुके शोधून काढली. त्यामुळे हाडांचे ढीग न लागता पेशींच्या संवर्धनातून ही प्रथिने तयार करणे शक्य झाले. बीएमपीखेरीज रक्तवाहिन्यांची वाढ घडविणारा घटक, रक्तबिंबिकांतून मिळणारा घटक व इन्सुलिनसदृश घटक असे अन्य वृद्धिघटकही अस्थिसंधानात भाग घेतात, हे स्पष्ट होत गेले.

इ. स. २००२ मध्ये बीएमपी-२ या प्रथिनास अमेरिकेत मणक्याच्या एका विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, नडगीच्या उघड्या अस्थिभंगाच्या ४५० रुग्णांवरील चाचणीत, अधिक मात्रेचे बीएमपी-२ वापरलेल्या गटात हाड न जुळल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी आढळला. इ. स. २००४ मध्ये अशा अस्थिभंगांसाठीही परवानगी देण्यात आली.

स्टेरॉइडग्रस्त हाडावरील उपयोग व त्याच्या मर्यादा

स्टेरॉइडमुळे अस्थिजनक पेशींची संख्या घटते आणि बीएमपी तर मूळ पेशींना अस्थिजनक होण्याचा संदेश देते. त्यामुळे एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघावी, ही अपेक्षा तर्कसंगत होती. इ. स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सशांना प्रेडनिसोलोन देऊन त्यांच्या पुढील पायाचे हाड कापण्यात आले व त्या जागी बीएमपी-२ ठेवण्यात आले. स्टेरॉइड चालू असतानाही या सशांतील अस्थिसंधान बीएमपी न मिळालेल्या सशांपेक्षा चांगले झाले. सुमारे अर्धशतकापूर्वी सशांवरील प्रयोगांनीच ज्या हानीची वार्ता दिली होती, तिच्यावरील उपायाची आशाही सशांवरील प्रयोगानेच दाखविली.

तथापि प्रयोगशाळेतील आशा रुग्णालयात त्याच प्रमाणात फलद्रूप झाली नाही. इ. स. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानेच्या मणक्यांत बीएमपी-२ वापरल्यावर श्वासनलिकेभोवती गंभीर सूज येण्याच्या घटनांबाबत इशारा दिला. इ. स. २०११ मध्ये 'द स्पाइन जर्नल' या नियतकालिकाने आधीच्या चाचण्यांत दुष्परिणाम कमी लेखले गेल्याचे परखड विवेचन प्रसिद्ध केले आणि इ. स. २०१३ मधील स्वतंत्र फेरतपासणीत मणक्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या स्वतःच्या हाडाच्या कलमापेक्षा बीएमपीचा फायदा फारसा नसल्याचे दिसून आले. शिवाय हे प्रथिन अत्यंत महाग आहे. म्हणून स्टेरॉइडग्रस्त हाडासाठी ते नेहमीचा उपचार होऊ शकलेले नाही.

मानवी रुग्णांत अधिक ठोस पुरावा मिळाला तो टेरिपॅराटाइड या संप्रेरकजन्य औषधाबाबत. काटेकोर अर्थाने हा वृद्धिघटक नसला तरी अस्थिजनक पेशींना चालना देणे हेच त्याचे कार्य होय. इ. स. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्टेरॉइडमुळे हाडे ठिसूळ झालेल्या ४२८ रुग्णांच्या चाचणीत, टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांपैकी ०.६ टक्के रुग्णांत मणक्याचा नवा अस्थिभंग आढळला, तर अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.१ टक्के होते. खुब्याच्या एव्हीएनमध्ये, सांधा खचण्यापूर्वी, हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करणे व त्यात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी किंवा रक्तबिंबिकांचा अर्क भरणे, हाही वृद्धिघटकांच्याच तत्त्वावरील तुलनेने कमी खर्चाचा उपाय भारतातील अनेक शस्त्रक्रियातज्ज्ञ अवलंबितात. परंतु तो लवकर निदान झालेल्या रुग्णांतच उपयोगी पडतो. सांधा खचल्यावर कृत्रिम सांधा बसविण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही.

वऱ्हाडाचा अनुभव : कुष्ठरोग ते करोना

वऱ्हाडात दीर्घ उपचारांची परंपरा कुष्ठरोगाच्या कार्यातून रुजली. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी इ. स. १९४६ मध्ये अमरावती येथे उभारलेले तपोवन हे त्या परंपरेचे प्रतीक होय. कुष्ठरोगाचे जंतू औषधाने मेले तरी शरीराच्या प्रतिक्रियेमुळे मज्जातंतूंना सूज येते व हातपाय कायमचे अधू होण्याचा धोका असतो. अशा वेळी प्रेडनिसोलोन हेच प्रमुख औषध ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या वेळापत्रकानुसार ते ४० मिलिग्रॅमपासून आरंभ करून दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १० व ५ असे पायरीपायरीने बारा आठवड्यांत उतरविले जाते. एकूण मात्रा १,६८० मिलिग्रॅम होते. ही मात्रा लहान नाही. तथापि येथे औषध कधी सुरू करावयाचे, किती द्यावयाचे व कधी थांबवावयाचे, हे आरंभीच ठरलेले असते. रुग्णाच्या पत्रिकेवर त्याची नोंद असते. कुष्ठरोग कार्यक्रमाने स्टेरॉइडच्या वापरास दिलेली ही शिस्त हा एक महत्त्वाचा वारसा होय.

याच्या उलट चित्र खाजगी व अनौपचारिक उपचारांत दिसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची 'एच' मध्ये स्टेरॉइडचा समावेश असून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याची विक्री करता येत नाही. तरीही सांधेदुखीवर किंवा दम्यावर एकदा लिहून मिळालेली चिठ्ठी वर्षानुवर्षे मेडिकलच्या दुकानात चालत राहते. सांधेदुखीवरील काही तथाकथित देशी चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याच्या घटनाही देशात वेळोवेळी उघड झाल्या आहेत. अशा रुग्णास आपण स्टेरॉइड घेत होतो, हेच ठाऊक नसते. पुढे हाड मोडले व जुळेना, तर डॉक्टरांसमोर कारण येत नाही.

मेळघाटातील स्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. विदर्भातील आदिवासी व अन्य समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक विकारातही खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन एव्हीएन होतो. त्यामुळे खुबा दुखणाऱ्या तरुण रुग्णाच्या बाबतीत रक्ताचा विकार कारण आहे की औषध, याचा उलगडा पूर्वीच्या उपचारांच्या नोंदीवाचून होऊ शकत नाही.

करोनाच्या साथीने हा प्रश्न एकदम व्यापक केला. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांत डेक्सामेथासोनमुळे मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांतही लाभ दिसला. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र काहीही लाभ झाला नाही. रोज ६ मिलिग्रॅम व अधिकाधिक दहा दिवस, अशी या चाचणीची मर्यादा होती.

महाराष्ट्रातील दुसऱ्या लाटेची चाहूल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रथम वऱ्हाडात लागली. अमरावती, अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत रुग्णसंख्या वेगाने वाढली आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत आठवडाभराची टाळेबंदी लागू करण्यात आली. त्यानंतरच्या महिन्यांत देशभर खाटा, प्राणवायू व औषधे यांची टंचाई निर्माण झाली. अशा परिस्थितीत गृहविलगीकरणातील, प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांनाही स्टेरॉइड दिले गेले व ते अधिक काळ चालू राहिले, याविषयी तज्ज्ञांनी त्याच वेळी इशारे दिले होते.

याचा हाडांवरील परिणाम महाराष्ट्रातही नोंदविला गेला, हे लक्षणीय आहे. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये करोनानंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांचा वृत्तांत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. या रुग्णांना सरासरी ७५८ मिलिग्रॅम (४०० ते १,२५० मिलिग्रॅम) प्रेडनिसोलोन इतके स्टेरॉइड मिळाले होते आणि करोनाच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांतच लक्षणे दिसली. पूर्वीच्या वाङ्मयात असा विकार होण्यास सुमारे २,००० मिलिग्रॅम मात्रा व सहा महिने ते एक वर्ष इतका काळ गृहीत धरला जात असे. 'रिकव्हरी' चाचणीतील दहा दिवसांचा पूर्ण उपचार प्रेडनिसोलोनच्या हिशेबाने सुमारे ४०० मिलिग्रॅम होतो. म्हणजे या रुग्णांच्या मात्रेची खालची सीमा प्रमाणित उपचाराइतकी, तर वरची सीमा त्याच्या तिपटीहून अधिक होती. तीन रुग्णांवरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही आणि करोना विषाणूचाही यात वाटा असू शकतो. परंतु मात्रा व दिवस यांची नोंद उपलब्ध होती म्हणूनच हा प्रश्न विचारता आला, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

येथे एका प्रशासकीय नियमाचा विचार आवश्यक ठरतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जपावी लागतात. २०२१ मधील रुग्णांच्या बाबतीत ही मुदत २०२४ मध्येच संपली. हाडाची झीज किंवा खुब्याचा सांधा खचणे ही प्रक्रिया मात्र अनेक वर्षे चालू राहू शकते. जांघेतील किरकोळ दुखण्याने ती सुरू होते. प्रथम मांडी घालून बसणे कठीण होते, नंतर उकिडवे बसणे अशक्य होते. निंदण, कापसाची वेचणी व सोयाबीनची सोंगणी करणाऱ्या मजुरासाठी याचा अर्थ रोजगार जाणे असा होतो. अशा रुग्णाजवळ २०२१ चे डिस्चार्ज कार्ड नसेल आणि रुग्णालयाने केसपेपर नष्ट केला असेल, तर त्याच्या व्याधीचे कारण कायमचे पुसले जाते. त्याबरोबर या प्रदेशाच्या आरोग्येतिहासाचे एक साधनही नाहीसे होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) स्टेरॉइडचे हाडांवरील दुष्परिणाम औषधाच्या शोधानंतर दहा वर्षांच्या आत ज्ञात झाले होते. त्यानंतरची हानी अज्ञानापेक्षा मात्रेच्या बेशिस्तीतून अधिक घडली.

२) स्टेरॉइडग्रस्त अस्थिसंधान सुधारण्याचा प्रश्न भारतीय संशोधकांनी १९६३ मध्येच प्रायोगिक पातळीवर हाताळला होता. कांडवेलीवरील ते कार्य व पुढील वृद्धिघटकांचे संशोधन ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे होत.

३) वृद्धिघटकांनी प्राण्यांवरील प्रयोगांत आशादायक परिणाम दाखविले असले तरी खर्च, दुष्परिणाम व मानवी पुराव्याची मर्यादा यांमुळे वऱ्हाडातील सामान्य रुग्णापर्यंत ते पोहोचलेले नाहीत. त्याच्यासाठी लवकर निदान व योग्य मात्रा हेच आजचे उपाय आहेत. मात्र दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड अचानक थांबविणे जिवावर बेतू शकते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करणे, हाच त्याच्या शिस्तीचा अविभाज्य भाग होय.

४) अकोल्याचे २००२ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अमरावतीचे १९८४ पासूनचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय व २०२४ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तसेच अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय यांच्याकडील करोनाकाळातील कागदपत्रे मुदत संपली म्हणून नष्ट न करता जतन करणे आवश्यक आहे. या कामी इतिहास, संख्याशास्त्र व वैद्यक या विभागांनी एकत्र येणे शक्य आहे.

हाड सांधण्यासाठी निसर्ग काही महिने घेतो, तर हाड झिजल्याचे कळण्यास काही वर्षे लागतात. औषधाची चिठ्ठी व केसपेपर यांचे आयुष्य किमान तेवढे तरी असावे, एवढी अपेक्षा या इतिहासावरून निश्चितपणे व्यक्त करता येईल.